मीटर ज्याच्या हातात

कापसाचा हंगाम भरात आला की वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट, देवळी, पुलगाव, आर्वीच्या खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागतात. ग्रेडर कापसात हात घालतो, धागा ओढून पाहतो आणि मग एक छोटे यंत्र कापसात दाबून धरतो. यंत्रावर ओलाव्याची टक्केवारी उमटते. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर भारतीय कापूस महामंडळाकडून (सीसीआय) पूर्ण हमीभाव मिळतो, आठच्या पुढे बारापर्यंत कपात होते आणि बाराच्या वर गेला की कापूस नाकारला जातो. पेरणीपासून वेचणीपर्यंतच्या कष्टाचे मोल त्या आकड्यावर हलते. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र तो आकडा ऐकून घेणे एवढेच येते.

या यंत्रात गूढ काही नाही. कोरडा कापूस वीज जवळजवळ वाहूच देत नाही आणि ओलावा वाढला की त्याचा रोध झपाट्याने उतरतो. धातूच्या दोन टोकांमध्ये कापूस दाबायचा, रोध मोजायचा आणि त्यावरून टक्केवारी काढायची, एवढेच ते यंत्र करते. कापूस किती दाबला, तो ऊन खाऊन किती तापलेला आहे, टोके पुसलेली आहेत की मळलेली, यावर आकडा मागेपुढे होतो. घरातल्या मल्टीमीटरने हे मोजता येत नाही, कारण त्याची धाव चाळीस-साठ मेगाओमला संपते आणि कोरडा कापूस त्याच्या पलीकडे असतो. पण उच्च रोधाचा एक ऑप-अँप, एक छोटा मायक्रोकंट्रोलर आणि मोजून पाहण्याची चिकाटी असेल तर असे यंत्र घरच्या टेबलावर बांधता येते. खरेदी केंद्र ते मानणार नाही. तरी गाडी भरण्याआधी कापूस आणखी एक दिवस उन्हात पसरायचा की नाही, हे ठरवायला ते पुरेसे आहे आणि ग्रेडरला नेमका प्रश्न विचारायलाही पुरेसे आहे.

हे पुस्तक अशा हातांसाठी लिहिले आहे. आयटीआयमधली मुले, इंजिनिअरिंगच्या मुली, मोटारपंपाचे मिस्त्री, शाळेच्या प्रयोगशाळेत एकट्याने धडपडणारे शिक्षक, निवृत्तीनंतर जुना रेडिओ उघडून बसणारे काका, हे सगळे डोळ्यांपुढे होते. गेल्या दहा-बारा वर्षांत या माणसांच्या आवाक्यात अशी साधने आली आहेत, जी त्याआधी मोठ्या प्रयोगशाळेतच दिसायची. विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, अँटेना तपासणारा अ‍ॅनालायझर, नखाएवढ्या भागांचे सोल्डरिंग करणारे आयर्न, खिशात मावणारा संगणक यांतले काय घ्यावे, कशासाठी घ्यावे आणि कोणत्या वेळी मोह टाळावा, हे पुढच्या प्रकरणांत आहे. प्रस्तावनेत मला त्याआधीची एक गोष्ट सांगायची आहे. साधन पारखायचे कसे, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. या जिल्ह्याने तो इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधी विचारला होता, आणि त्याचे उत्तर आजही वापरता येते.

खादीचे काम म्हटले की लोकांना भजन आणि टकळी आठवते. त्या कामातले मोजमाप विसरले गेले आहे. सुताला नंबर असतो. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतील तितका त्याचा नंबर, म्हणजे वीस नंबरचे सूत पौंडाला १६,८०० यार्ड भरते. सुताची मजबुती वजन लावून तपासायची, समानता पाहायची, ताशी किती सूत निघाले ते लिहून ठेवायचे, असे ते शास्त्र होते. कातणाऱ्या बाईच्या हातात लडी मोजण्याचे साधन असायचे, त्यामुळे तिचे सूत किती आणि कसे हे तिला दुसऱ्याने सांगण्याआधी ठाऊक असे. मला या सगळ्या चळवळीत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

१९२९ च्या जुलैमध्ये अखिल भारतीय चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळच्या एक लाखाची कल्पना आज करणे अवघड आहे. स्पर्धेच्या अटी मात्र आजही एखाद्या यंत्र बनवणाऱ्याने भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. चरखा हलका हवा, एका जागेहून दुसऱ्या जागी नेता यावा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावा. एका बाईला फार न दमता आठ तास त्यावर काम करता यावे. त्या आठ तासांत बारा ते वीस नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या आत राहावी आणि यंत्र भारतातच तयार होऊ शकावे. वेळोवेळी देखभाल केली तर ते किमान वीस वर्षे अडून न बसता चालावे, आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र तपासणीला आले होते. पण सगळ्या अटी पुऱ्या करणारे यंत्र एकही निघाले नाही, आणि बक्षीस कुणालाच मिळाले नाही.

काहींना हे अपयश वाटते. मला तसे वाटत नाही. लाख रुपये द्यायला तयार असलेल्या संस्थेने अट सैल केली नाही, याचा अर्थ मोजपट्टी खरी होती. ही स्पर्धा गांधीजी साबरमतीला होते त्या काळातली, पण तिच्यामागचा विचार पुढे वर्ध्यातच वाढला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे ठाणे झाले आणि जे. सी. कुमारप्पांनी त्याचे काम हाती घेतले. कुमारप्पा मुळात हिशेब तपासनीस. घाणी, कागद, गूळ, मधमाशा, जे काही हाती घेतील त्यात किती घातले आणि किती निघाले याचा हिशेब आधी मांडणार. खाण्यात न येणाऱ्या तेलावर जळणारा मगन दीप आणि सुधारलेली मगन चूल ही त्याच वाडीतली कामे. १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. चरख्यांचे नमुने आजही तिथे पाहायला मिळतात. संग्रहालय म्हणून लोक ते पाहून येतात, पण एखाद्या तरुण अभियंत्याने तिथे वही घेऊन जावे, एकेका चरख्याच्या चात्यापाशी थांबावे आणि हा भाग असाच का केला असेल याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांच्या नमुन्यातून अंबर चरखा आला. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. जमनालाल बजाजांच्या नावाने चालणारी जुनी संशोधन संस्था २००१ पासून दिल्ली आयआयटीच्या साह्याने नव्याने उभी राहिली आणि आज ती महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे एमगिरी, म्हणून ओळखली जाते. सौर चरख्यावरचे काम तिथले.

दुसरा धागा शिक्षणाचा आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून शिकवण्याची नई तालीम सुरू झाली. सरकारी शाळांत ती रुजली नाही. पण तिचा एक फुटवा ४६ वर्षांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला फुटला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडले आणि १९८३ मध्ये दुष्काळी पाबळमध्ये विज्ञान आश्रम काढला. वेल्डिंग, बांधकाम, शेती आणि इलेक्ट्रॉनिक्स हाताने करत मुले शिकत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली. आज जगभर पसरलेल्या अशा प्रयोगशाळांपैकी एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांत पाबळची गणना होते. दूध तपासण्याची आणि डिझेल इंजिन नीट लावण्याची साधने आपणच बनवावीत, हे विषय तिथे गावाने पुढे आणले. जगातल्या नव्यात नव्या कल्पनेला महाराष्ट्रात पहिली जागा एका खेड्यातल्या शाळेने दिली, आणि त्या शाळेची मुळे वर्ध्याच्या परिषदेपर्यंत जातात, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

आता टेबलावर येऊ.

पहिले साधन मल्टीमीटर, आणि पहिला आग्रह सुरक्षेचा. आपल्याकडचा हौशी माणूस पाच व्होल्टच्या सर्किटवर थांबत नाही. गावात कुणाची मोटार बंद पडली की त्यालाच बोलावणे येते आणि तो मीटर घेऊन थेट स्टार्टरच्या पेटीसमोर उभा राहतो. तिथे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. त्याहून मोठा धोका क्षणभराच्या उसळीचा. डीपीवर कुठे वीज कडाडली किंवा शेजारची मोठी मोटार बंद झाली तर तारेवरून काही हजार व्होल्टची लाट एका क्षणात जाते. स्वस्त मीटरमध्ये आतल्या तांब्याच्या पट्ट्या इतक्या जवळ असतात की त्या लाटेने ठिणगी पेटते, आणि मागे थ्री फेजची ताकद उभी असल्याने ती ठिणगी विझत नाही, मीटर हातात फुटतो. म्हणून मीटरवर कॅट तीन, ६०० व्होल्ट असे लिहिलेले हवे आणि आत वाळू भरलेला सिरॅमिकचा एचआरसी फ्यूज हवा. दोन-तीनशे रुपयांच्या मीटरवरही ही अक्षरे छापलेली असतात. मागचे झाकण उघडून पाहा. आत काचेचा छोटा फ्यूज दिसला, किंवा दहा अँपिअरच्या खाचेला फ्यूजच नसला, तर तो मीटर बॅटरीच्या सर्किटांसाठी ठेवा आणि पंपाजवळ नेऊ नका. आणखी एक सवय लावून घ्या. प्रवाह मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या खाचेत परत लावायची. ती अँपिअरच्या खाचेत राहिली आणि तसाच मीटर लाईनला लावला तर तो सरळ शॉर्ट होतो.

चांगला मीटर घ्यायला परदेशी नावाच्या मागे जायची गरज नाही. नाशिकच्या ऋषभ आणि मोटवाने या कंपन्यांचे मीटर कित्येक वर्षे आपल्या कारखान्यांत आणि आयटीआयमध्ये वापरात आहेत. घेताना ट्रू आरएमएस पाहून घ्या. भारनियमनाच्या दिवसांत घराघरांत इन्व्हर्टर आले, आणि त्यांतल्या साध्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते. साधा मीटर लाट गोलाईची आहे असे गृहीत धरून चालतो, त्यामुळे चौकोनी लाटेवर तो सुमारे ११ टक्के जास्त आकडा दाखवतो. इन्व्हर्टर खरोखर २३० व्होल्ट देत असला तरी मीटर २५५ म्हणेल, आणि मिस्त्री विनाकारण बोर्डावरचा प्रीसेट फिरवत बसेल.

वर्ध्याच्या उन्हाळ्याबद्दल कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते, म्हणून ते इथे लिहितो. मीटरच्या अचूकतेचा आकडा १८ ते २८ अंश तापमानासाठी दिलेला असतो. त्यापलीकडे प्रत्येक अंशामागे मूळ चुकीचा दहावा भाग वाढतो, असा सर्वसाधारण नियम आहे. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत ४३ अंश असतील तर आपण पंधरा अंश पुढे आहोत. अर्ध्या टक्क्याचा मीटर तिथे सव्वा टक्क्याचा होतो. मोटारीच्या कामात याने बिघडत नाही, पण बॅटरीची चार्जिंग मर्यादा ठरवताना बिघडते. उष्णतेचा दुसरा फटका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला बसतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपल्याकडे टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि एलईडी ड्रायव्हर इतक्या लवकर का जातात, याचे मोठे कारण इथे आहे. हिंगणघाटच्या जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांना आणखी एक त्रास आहे. हवेत उडणारे कापसाचे तंतू संगणकाच्या पंख्यात आणि ऑसिलोस्कोपच्या जाळीत अडकून बसतात. हंगाम संपला की सगळी साधने उघडून स्वच्छ करणे हे तिथले वार्षिक काम समजावे.

कपॅसिटरवरून एका साधनाची आठवण येते. मार्कुस फ्रेयेक आणि कार्ल-हाइन्झ क्युबेलर या दोन जर्मन हौशी लोकांनी एका साध्या एटीमेगा चिपवर एक टेस्टर रचला. तीन टोकांपैकी कशातही काहीही लावा, ट्रान्झिस्टर आहे की डायोड, कोणती पिन कोणती, कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आणि त्याचा आतला रोध किती वाढला आहे, हे तो काही क्षणांत सांगतो. त्यांनी रचना आणि प्रोग्रॅम खुले ठेवले. आज त्याच्या नकला बाजारात काहीशे रुपयांना मिळतात, आणि दुरुस्तीच्या कामात पैशाच्या मानाने इतके उपयोगी दुसरे यंत्र मला तरी माहीत नाही. फक्त कपॅसिटर आधी डिस्चार्ज करून घ्या. भरलेला लावला तर टेस्टरची चिप त्याच क्षणी जाते.

सोल्डरिंग आयर्नबद्दल थोडक्यात. भारतात सोल्ड्रॉनच्या २५ वॅटच्या आयर्नवर कित्येकांचे हात बसले, आणि जाड कामाला ते आजही ठीक आहे. पण टोकातच तापमान ओळखणारी नवी आयर्न काही सेकंदांत तापतात आणि ठरलेल्या अंशावर राहतात. पाइनसिल नावाचे आयर्न तर यूएसबी-सी चार्जरवर चालते आणि त्याचा प्रोग्रॅमही खुला आहे. लाईनचा भरवसा नसलेल्या गावात बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे आयर्न असणे किती सोयीचे, हे वेगळे सांगायला नको. पॉवर सप्लाय घेताना मात्र करंट लिमिट असलेलाच घ्या. नव्या सर्किटला पहिल्यांदा वीज देताना मर्यादा पन्नास मिलिअँपिअरवर ठेवली, तर चूक असली तरी भाग जळत नाहीत.

आता ऑसिलोस्कोप. हौशी माणसाचे खरे स्वप्न हेच असते. पूर्वी तो घ्यायचा तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुना माल शोधावा लागे. ठाण्याच्या अ‍ॅपलॅबसारख्या कंपन्यांची साधने कॉलेजांनी निविदा काढून घेतलेली असत आणि विद्यार्थ्याच्या हाती ती आठवड्यातून एक तास लागत. दशकापूर्वी चीनच्या रिगोल कंपनीचा चार चॅनेलचा डीएस१०५४झेड सुमारे चारशे डॉलरला आला आणि चित्र पालटले. त्यात एक गंमत होती. ५० मेगाहर्ट्झच्या त्या यंत्रात १०० मेगाहर्ट्झची सगळी सामग्री आधीच बसवलेली होती, फरक फक्त प्रोग्रॅममधल्या कुलपाचा होता. जगभरच्या हौशी लोकांनी ते कुलूप उघडले. २०२३ मध्ये त्याच कंपनीची डीएचओ८०० ही बारा बिटांची मालिका आली. जुने आठ बिटांचे स्कोप पडद्याची उंची २५६ पायऱ्यांत मोजत, बारा बिटांचे ४,०९६ पायऱ्यांत मोजतात. पॉवर सप्लायच्या बारा व्होल्टवरचा काही मिलिव्होल्टचा तरंग आधी पायऱ्यांत हरवायचा, तो आता दिसतो. दुरुस्ती करणाऱ्याला बँडविड्थपेक्षा हा बदल जास्त कामाचा आहे, असे माझे मत आहे.

पण स्कोप हे पहिले साधन नव्हे. मल्टीमीटरने काय विचारायचे हे कळल्याशिवाय स्कोप घेतला तर पडद्यावर लाटा दिसतात आणि अर्थ लागत नाही. शिवाय स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती लाईनच्या फेजला किंवा टीव्हीच्या पॉवर सप्लायच्या गरम बाजूला लावली की मोठा आवाज होतो, यंत्र जाते आणि माणसालाही धक्का बसू शकतो. तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून हा प्रश्न सोडवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कधीही करू नये, कारण मग स्कोपचे अख्खे अंगच जिवंत होते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर तपासायच्या वस्तूला लावायचा, स्कोपला नाही. आणि आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून त्याचा रोध वाढतो. त्यात पाणी घालायचे काम टेबलावरच्या कामाचाच भाग आहे.

ज्याला स्कोप परवडत नाही त्याच्यासाठी, आणि त्याहून जास्त शाळांसाठी, एका भारतीय साधनाचे नाव आवर्जून घेतो. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये अणुभौतिकीचे संशोधन चालते. तिथल्या अजितकुमार आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक्सपआइज हे खुले यंत्र केले. तळहाताएवढ्या डबीत चार चॅनेलचा बारा बिटांचा स्कोप, लाटा तयार करणारे जनरेटर आणि बदलता येणारा व्होल्टेज स्रोत आहे. संगणकाच्या यूएसबीला जोडले की प्रयोगशाळा सुरू होते. त्याचा वेग कमी आहे, रेडिओच्या कामाला तो पुरत नाही. पण आवाज, लंबक, मोटार, चुंबक, कपॅसिटर हे नववी-दहावीचे सगळे प्रयोग त्यावर होतात, आणि त्याचा नकाशा कुणालाही पाहता येतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत असे एक यंत्र असावे, असे मला वाटते.

डिजिटल कामासाठी आठ चॅनेलचा छोटा लॉजिक अ‍ॅनालायझर आणि सिगरॉक हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. शेतातल्या सेन्सरचे संदेश घरापर्यंत आणायचे असतील तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. त्या पट्ट्यावर चालणाऱ्या लोरा रेडिओची अँटेना नीट कापली आहे का, हे नॅनोव्हीएनए हा छोटा अँटेना अ‍ॅनालायझर काही हजार रुपयांत सांगतो. एका जपानी हौशी माणसाने केलेली ही खुली रचना पुढे चिनी कारखान्यांनी घराघरांत पोचवली. आधी हे मोजमाप लाखोंच्या यंत्राशिवाय होत नसे.

संगणकाबाबत मी थोडा सावध आहे. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला आणि मुलांना उघडा संगणक मिळाला. २०२४ च्या पिको २ मध्ये एकाच चिपवर आर्म आणि रिस्क-व्ही असे दोन्ही प्रकारचे प्रोसेसर आहेत, हवा तो निवडून चालू करायचा. रिस्क-व्ही ही बर्कलीत २०१० मध्ये सुरू झालेली खुली आज्ञावली. तिच्यावर आयआयटी मद्रासने शक्ती आणि तिरुअनंतपुरमच्या सी-डॅकने वेगा हे भारतीय प्रोसेसर केले, आणि वेगावरचे एरीज बोर्ड शिकणाऱ्यांना घेता येतात. त्यांची पुस्तके आणि उदाहरणे अजून आर्डुइनोइतकी मुबलक नाहीत, पण ज्याला प्रोसेसर आतून समजून घ्यायचा आहे त्याने इकडे वळावे. दुसऱ्या बाजूला, नवे लॅपटॉप मात्र बंद होत चालले आहेत. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, बॅटरी चिकटवलेली, सुटा भाग मिळत नाही. १९२९ ची अट लावून पाहा. वीस वर्षे चालेल का? वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांत देखभाल होईल का? पाच वर्षांपूर्वीचा, झाकण उघडणारा, रॅम आणि एसएसडी बदलता येणारा वापरलेला लॅपटॉप त्या अटीच्या जास्त जवळ जातो. टेबलावरच्या कामाला तोच घ्या, असे या पुस्तकात सांगितले आहे.

एक आक्षेप कुमारप्पांनीच घेतला असता. यांतली बहुतेक साधने चीनहून येतात, मग यात ग्रामोद्योग कुठे आला? आक्षेप खरा आहे आणि त्याला अर्धेच उत्तर माझ्याकडे आहे. चिप वर्ध्यात बनणार नाही. पण नकाशा वाचणे, बिघाड शोधणे, नवा बोर्ड आखणे, स्थानिक गरजेचे यंत्र बांधून ते दुरुस्त करत राहणे हे सगळे इथे होऊ शकते, आणि पैसा आणि अक्कल दोन्ही गावात राहण्याचा मार्ग तोच आहे. म्हणून साधने निवडताना या पुस्तकात एक कसोटी सगळीकडे लावली आहे. ज्याचा नकाशा उपलब्ध आहे, ज्याचे भाग नागपूरला बर्डीवर किंवा टपालाने मिळतात आणि जे आपल्याला उघडता येते, ते थोडे महाग असले तरी वरचढ धरले आहे. जुन्या टेकट्रॉनिक्स स्कोपच्या माहितीपुस्तकात अख्खा सर्किट नकाशा छापलेला असे. नव्या यंत्रांत तो मिळत नाही, ही घट आहे आणि ती घट म्हणूनच नोंदवली आहे.

आणखी एक विनंती कॉलेजांना. सेवाग्रामपासून हिंगणघाटपर्यंत इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत चांगली साधने आहेत आणि सुटीच्या दिवशी त्यांवर आच्छादन असते. महिन्यातून एक रविवार या प्रयोगशाळा गावातल्या मिस्त्र्यांना आणि शाळकरी मुलांना खुल्या केल्या, तर या पुस्तकातल्या अर्ध्या याद्यांची गरज उरणार नाही. साधन विकत घेण्याआधी ते हाताळून पाहायला मिळणे यासारखी दुसरी शिकवण नाही.

पुस्तकात किमती छापलेल्या नाहीत, त्या दर महिन्याला बदलतात. सर्किटे मात्र पूर्ण दिली आहेत, आणि प्रत्येक सर्किटापुढे कोणत्या ठिकाणी किती व्होल्ट दिसायला हवे ते लिहिले आहे. वाचणाऱ्याने तिथे मीटर लावून पाहावे आणि आपला आकडा शेजारी पेन्सिलने लिहावा, अशी जागाही सोडली आहे.

पहिले प्रकरण उघडण्याआधी एक मल्टीमीटर, नऊ व्होल्टची एक बॅटरी आणि दहा मेगाओमचे दोन रेझिस्टर हाताशी घ्या. दोन्ही रेझिस्टर एकापुढे एक जोडून बॅटरीला लावा आणि मधल्या सांध्यावर, बॅटरीच्या एका टोकापासून, व्होल्टेज मोजा. दोन्ही सारखे, म्हणजे बॅटरीचा निम्मा भाग, साडेचार व्होल्ट यायला हवेत. मीटर तीनच्या आसपास दाखवेल. मीटर बिघडलेला नाही, बॅटरीही ठीक आहे. उरलेले दीड व्होल्ट कुठे गेले, हे पहिल्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर आहे, पण ते पान उलटण्याआधी एक रात्र स्वतः विचार करून पाहा.